कमानीचा खड्डा आणि योग्य ती कार्यवाही

एका जंगलात, बालमित्रांनो, एक खड्डा राहत असे.

तो काही जन्मापासून तिथे नव्हता. जंगलाचे लाडके पुढारी मोर भाऊसाहेब यांचा वाढदिवस आला, म्हणून पाणवठ्याच्या वाटेवर स्वागताची कमान उभारायचं ठरलं. कमान म्हटली की खांब आले आणि खांब म्हटले की खड्डे आले. भाऊसाहेबांच्या कार्यकर्त्या रानडुकरांनी उत्साहाच्या भरात एकच खड्डा एवढा मोठा खणला की दोन्ही खांब त्यातच मावले. वाढदिवस दणक्यात झाला. भाऊसाहेबांनी पिसारा फुलवला, ज्यांना हात होते त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी शेपट्या आपटल्या. मग कमान निघाली. खड्डा राहिला.

तुमच्या गावात असं काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर जंगलातली गोष्ट सांगतोय.

त्याच वाटेलगत धोंडिबा नावाचं कासव आणि त्याची बायको भागाबाई राहत होती. आता ससा खड्ड्यावरून उडी मारतो. हरणाला तो दिसतसुद्धा नाही. हत्तीचा पाय त्यात पडला तर खड्ड्यालाच लागतं. कासवाचं तसं नसतं, मुलांनो. खड्ड्यात घरंगळलेलं कासव उताणं पडतं, आणि उताणं पडलेलं कासव अशा ठिकाणी आपलं आपण सुलटं होऊ शकत नाही. ऊन चढत जातं, पाय हवेत हलत राहतात, आणि कोणी आलं नाही तर ते तसंच संपतं. हसू नका. यात हसण्यासारखं काही नाही.

एके सकाळी भागाबाई पाण्याला गेली ती परतलीच नाही. धोंडिबा शोधायला निघाला. कासवाला शोधायला कासव निघालं, म्हणजे किती वेळ लागला असेल ते तुम्हीच बघा. भागाबाई खड्ड्याच्या तळाशी उताणी पडली होती. धोंडिबा काठावरून नुसत्या हाका मारत राहिला. उतरला असता तर दोघंही उताणे झाले असते. शेवटी तिकडून जाणाऱ्या एका रानडुकराने तिला मुसकटाने सुलटं करून वर ढकललं.

त्या दिवशी भागाबाई संध्याकाळी म्हणाली, "अवो, नुसतं आभाळ दिसत होतं. एवढं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला नाय बघायचं पुन्हा."

दुसऱ्या दिवशी धोंडिबा थेट सरकारी कचेरीत गेला.

कचेरीत घोरपड रावसाहेब बसत. घोरपड एकदा जागेला चिकटली की सुटत नाही, आणि नेमणुकीच्या वेळी त्यांचा हाच गुण पाहिला होता.

"खड्डा कुठल्या खात्याचा?" रावसाहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

"खात्याचा कसला? वाटेवरचा हाय, साहेब."

"वाट पायवाट खात्याकडे. खोदकाम खोदकाम खात्याकडे. पाणवठा जलखात्याकडे. तुमची मंडळी नेमकी कुठल्या खात्यात पडली?"

"खड्ड्यात पडली, साहेब."

"ते खातं अजून निघालेलं नाही."

"साहेब, मला दुसरं काय बी नको. थोडी माती टाका. नायतर मीच टाकतो."

"खबरदार! सरकारी खड्ड्यात खाजगी माती?" रावसाहेबांनी आता मात्र एक डोळा उघडला. मग तो मिटत म्हणाले, "ठीक आहे. या आता. योग्य ती कार्यवाही करू."

आता इथे नीट कान द्या, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दाने घडलं. कार्यवाही म्हणजे काम करण्याच्या दिशेने तोंड करून बसणं. तिने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. भलंही झालेलं नाही. पण तिच्यासारखाच ऐकू येणारा एक दुसरा शब्द आहे, कारवाई. ती कोणावर तरी करावी लागते. कार्यवाहीला कोणीच लागत नाही, कारवाईला एक मान लागते.

नेमकी त्याच वेळी कचेरीवरून टिटवी उडत होती. टिटवी जंगलाची बातमीदार. उडता उडता जेवढं कानावर पडेल तेवढं ती ऐके आणि उरलेलं स्वतः घाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने जंगल डोक्यावर घेतलं.

"खड्डा प्रकरणी कारवाई होणार! टिटवीचा दणका! खड्डा प्रकरणी कारवाई!"

धोंडिबा आनंदाने जागच्या जागी गोल फिरला. "भागे, ऐकलंस का? खड्डा गेलाच म्हणून समज!"

तिकडे मोर भाऊसाहेब तडक कचेरीत आले. पिसारा मिटलेला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"कारवाई कोणावर हो, रावसाहेब? कमान कोणाची होती, आठवतंय ना?"

"भाऊसाहेब, मी कार्यवाही म्हणालो होतो," घोरपड रावसाहेब घाईघाईने म्हणाले. "ती आपण कोणावरच करत नाही. किंबहुना करतच नाही."

टिटवीला बोलावणं गेलं. आपली चूक तिच्या लगेच लक्षात आली, पण लक्षात येणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

"टिटवीने आजवर शब्द मागे घेतलेला नाही," ती म्हणाली. "उद्या मला कोण ऐकेल? कारवाई झालीच पाहिजे, जनता वाट बघतेय. कोणावर व्हावी, याबद्दल माझा काही आग्रह नाही."

भाऊसाहेबांना हे एकदम पटलं. तिघे विचाराला बसले. रानडुकरांवर करावी तर ती भाऊसाहेबांची माणसं. कचेरीवर करावी तर रावसाहेब समोरच बसलेले. मग रावसाहेबांनी दोन्ही डोळे उघडले. असं त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडत होतं.

"खड्ड्यात प्रत्यक्ष सापडलं कोण होतं?"

संध्याकाळच्या आत भागाबाईवर ठपका ठेवला गेला. सरकारी खड्ड्यात विनापरवाना प्रवेश, तिथे दीर्घकाळ मुक्काम, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा असभ्य अवस्थेत पडून राहणं. धोंडिबावरही ठपका होता. त्याने हा सगळा प्रकार स्वतःच्या तोंडाने कचेरीत येऊन कबूल केला होता.

"अवो, पण तक्रार तर मीच केली!" धोंडिबा कळवळून म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," रावसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं कसं असतं?"

हुकूम निघाला. धोंडिबा आणि भागाबाई यांनी यापुढे पाणवठ्याच्या वाटेवर पाऊल ठेवायचं नाही.

"कारवाई झाली! टिटवीच्या पाठपुराव्याला यश!" टिटवी दिवसभर ओरडत राहिली. खड्ड्याच्या काठावर मोठा समारंभ झाला. मोर भाऊसाहेबांनी पिसारा फुलवला आणि शब्द दिला, "यापुढे या खड्ड्यात एकही कासव पडणार नाही!"

आणि खरंच पडलं नाही. पुढाऱ्याने दिलेला शब्द पाळला गेला, असा प्रकार फक्त गोष्टीतच होतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

धोंडिबा आणि भागाबाई आता टेकडीला वळसा घालून पाण्याला जात. तोंडाला फेस येई. पाणी पिऊन घरी पोचेपर्यंत दोघांना पुन्हा तहान लागलेली असे. भागाबाई म्हणे, "तुमाला कुणी सांगितलं होतं शाणपण करायला?" धोंडिबाने तिच्यासाठीच केलं होतं, पण हे तो तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

मग एके दिवशी साळिंदर धापा टाकत आलं.

"धोंडिबा, माझी कारभारीण पडली रे खड्ड्यात. पाय मोडलाय तिचा. चल की माझ्यासंगं कचेरीत. तुला तिथली मंडळी ठाऊक हायेत. तू दोन शब्द बोललास तर माझं ऐकतील."

धोंडिबाने साळिंदराकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धोंडिबाला पुष्कळ काही सांगायचं होतं, ते अगदी ओठापर्यंत आलं. मागे भागाबाई श्वास रोखून उभी होती.

"कुठला खड्डा?" धोंडिबाने विचारलं, आणि मान आत घेतली.

तात्पर्य : मुलांनो, सरकारला कधीही खड्डा दाखवू नये. सरकार बोट दाखवलेल्या दिशेला बघत नाही, बोट कोणाचं आहे ते बघतं.