सेतुमामांची हरकत

लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं केळीच्या पानावर भाताच्या जागी वडा ठेवला, म्हणून जेवण थांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सेतुमाधवराव. वाढपी बिचारा नवा होता. मामांनी त्याला तमिळमध्ये शांतपणे समजावलं, की बाबा, हे पान म्हणजे एक गाव आहे. वरच्या अंगाला मीठ, लोणचं, कोशिंबीर, ही लहान घरं. भाताला मधली जागा. भातात नीट आळं केलं नाही तर रसम कुठं जाईल? शेजारच्याच्या अंगावर. शेजारी मी होतो. मामांचं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या पानावरचं रसम माझ्या धोतरापर्यंत पोचलंही होतं.

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल माणूस खुळा आहे. खुळा असता तर माझे तीन प्लॉट वाचले असते.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. कुंभकोणमला आमची मराठी बोलणारी घरं इतकी थोडी, की वयानं मोठा दिसला की तो मामा, आणि भांडण झालं की राव. नगररचना खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात रंगीत पेन्सिली असतातच. पिवळा म्हणजे घरं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती नाहीतर मैदान, फिकट निळा म्हणजे पाणी. माणसंही ते याच रंगांत बघतात. आमच्या नात्यातला एकजण घरी बसून दिवसभर फोनवर धंद्याची ओरड करतो, त्याला ते 'वस्तीतला कारखाना' म्हणतात. मला बघितलं की म्हणतात, "अस्के पिवळे." आमच्या बोलीत अस्के म्हणजे सगळे. माझ्या हाताला लागेल त्या जमिनीवर घरं उठतात, असा त्याचा अर्थ.

उठतात, खरं आहे. मी सायकलवरून लोकांना भाड्याची घरं दाखवत फिरायचो. कुणी वाडवडिलांचं काही ठेवलं नव्हतं माझ्यासाठी. आज मी प्लॉट पाडून वसवलेली चार नगरं आहेत आणि एकेक वीट भांडून आणलेली आहे.

हल्ली गावाबाहेर कुठल्याही रस्त्यानं जा, दारासुरमकडे जा नाहीतर आडुतुरैकडे, भाताच्या खाचरात प्लॉटवाल्यांचे रंगीत झेंडे रोवलेले दिसतील. असे झेंडे दिसले की मामा आपली मोपेड थांबवतात आणि जो कोणी जवळ असेल त्याला विचारतात, "गाव वाढतंय की सुजतंय?" वाढणारं अंग सगळीकडून सारखं वाढतं, सूज एकाच ठिकाणी येते, असं त्यांचं शास्त्र. घरं झाली, दवाखाना नाही. घरं झाली, बसचा थांबा नाही. दुकानदार, रिक्षावाले, पुजारी, सगळ्यांना त्यांचा हा प्रश्न विचारून झाला आहे. एका नवऱ्या मुलालाही विचारला होता, पण तो खरंच जाड होता.

आता माझं दुखणं सांगतो.

दारासुरमच्या कडेला, विणकरांच्या गल्लीमागे, मी चार एकर घेतले. मालक तीन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. त्यामुळे एकेक अट ठरवायला मला तीन घरी तीन वेळा कॉफी प्यावी लागायची. दोन वर्षं प्यालो. जमिनीतून एक वाय्क्काल जातो, म्हणजे शेताला पाणी देणारा पाट. त्यात सदा गवत वाढलेलं. पाटाची जागा सरकारी, तिथं प्लॉट पाडता येत नाही. शिवाय कायद्यानं बागेसाठी वेगळी जागा सोडायची. मी डोकं चालवलं. पाट बुजवायचा आणि तीच पट्टी नकाशात बाग म्हणून दाखवायची, छान हिरवा रंग देऊन. बाग फुकट झाली, आणि बागेत जाणारे प्लॉट हातात राहिले. वर वाटलं, हिरवं बघून सेतुमामाही खूष होतील. जन्मभर नकाशे रंगवलेल्या माणसाला मी रंग लावून फसवायला निघालो होतो.

गावाभोवतीच्या खेड्यांचा नवा विकास आराखडा निघाला होता. त्यावरच्या हरकती ऐकायला नगररचनेच्या साहेबांनी एका कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, सगळ्यांना बोलावलं. लोक आले ते आपापली जमीन पिवळी करून मागायला. मामा एकटेच दुसऱ्याच्या जमिनीबद्दल बोलायला उठले. हातात मी मंजुरीसाठी दिलेला नकाशा.

त्यांनी साहेबांना तमिळमध्ये सांगितलं, "ही बाग चारशे फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. हिच्यात फिरायला फक्त साप येईल."

मंडप हसला. मग मामांनी आवाज खाली आणला. पाटाचा उतार विणकर गल्लीकडे आहे, म्हणाले. तिथले हातमाग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले असतात, विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून विणतो. दिवाळीच्या सुमाराला आपला पाऊस येतो. पाट बुजवला तर ते पाणी थेट त्या खड्ड्यांत उतरेल. सगळ्या गल्लीनं मग पाय कुठं ठेवायचे?

साहेबांनी माझा अर्ज बाजूला काढला. पाट उघडा ठेवा, बाग वेगळी दाखवा, मग या.

माझं डोकं फिरलं. तमिळ लोकांना कळू नये म्हणून मी मराठीत ओरडलो, "आपल्याच माणसाचा गळा कापतां, राव?"

मामाही मराठीतच म्हणाले, "आपला म्हणूनच तोंडी बोललो, मुकुंदा. परका असतास तर लेखी दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सौदा करायला गेलो होतो, माफी मागायला नव्हे. मामा आत दूध उतरवत होते. समोर भिंतभर त्यांनी हातानं काढलेला नकाशा टाचलेला. कुंभकोणमच्या भोवतीचं एकूण एक नवं नगर त्यात होतं, आणि नगरांवर लाल ठिपके. मी माझी नगरं शोधली. माझ्या चारही नगरांत ठिपक्यांचा सडा पडला होता. म्हणजे हा माणूस बेकायदा बांधकामांची यादी करत बसला आहे.

"सगळ्या पंचक्रोशीत चोर काय मी एकटाच?" मी दारातूनच विचारलं.

मामा भांडं पुसत बाहेर आले.

"ते चोर नव्हेत," म्हणाले. "एकेकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत."

मग त्यांनी सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी मोजलं नव्हतं इतकंच. मुलं प्लॉट घेतात, घर बांधतात आणि चेन्नई-बंगळूरला निघून जातात. घर सांभाळायला आई नाहीतर बाप मागे. नगराला चारी बाजूंनी भिंत, बाहेर पडायला एकच फाटक, तेही लॉऱ्या धावतात त्या रस्त्यावर. मामा मोपेडवरून दारोदार जाऊन या लोकांना विचारत होते, तुम्ही पायी कुठं जातां? बहुतेकांनी सांगितलं, कुठंच नाही. विणकर गल्लीतली पाच म्हातारी माणसं मात्र रोज चालत बसथांब्यापर्यंत जात होती. पाटाच्या बांधावरून. तो बांध मी कुंपणात घेतला होता.

"हे मंडपात का नाही सांगितलंत?"

"नकाशात पाण्याला रंग आहे, रस्त्याला आहे. ह्याला कुठला रंग? साहेबांनी काय लिहून घ्यायचं?"

मी उगाच नकाशाजवळ गेलो. जुन्या गावात ठिपके नव्हतेच. एकच होता, आम्ही उभे होतो त्या गल्लीत.

"आणि हा?"

मामा खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक बघू लागले. "तो मोजायचा राहिला होता. गेल्या वर्षी घातला."

त्याच्या आदल्या वर्षी मामी गेल्या होत्या. त्या वेळी मी आलो होतो, पाच मिनिटं बसलो होतो, फोन वाजला म्हणून उठलो होतो.

मला संताप येतो तेव्हा काय बोलायचं ते सुचतं. एरवी सुचत नाही. म्हणून मला जे येतं ते मी सुरू केलं. पाट आठ फूट उघडा ठेवीन, बांधावर चालायला चार फूट देईन. मामा म्हणाले आठ, दोन माणसं बोलत जाऊ शकली पाहिजेत. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना इतकं काय बोलायचं असतं? ते म्हणाले, तूही होशील तेव्हा कळेल. सहावर आलो. बाग आणि वाट मिळून माझे तीन प्लॉट गेले. ते अजून मनाला लागतं, आणि लागतं असं मी मामांना अधूनमधून सांगतो.

मग मी माझी अट घातली. वाट झाल्यावर मामांनी त्याच वाटेनं रोज सकाळी चालत साइटवर यायचं, उतार बरोबर आहे का ते बघायला.

"रोज कसं जमेल? आठवड्यातून तीनदा."

"सहा."

"चार."

पाचावर ठरलं.

वाट होऊन आता वर्ष होत आलं. उतार केव्हाच बघून झाला. मामा आठवड्याचे सातही दिवस येतात. मी त्याबद्दल काही बोलत नाही. समोरचा माणूस ठरल्यापेक्षा जास्त देत असला, तर ते त्याला मोजून दाखवायचं नसतं.