ढोलीतली बायको आणि धनेशाचा अहवाल

मुलांनो, चष्मे पुसा आणि नीट बसा. एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, माझं सासर अजून तिथेच आहे) एक फार शिकलेला धनेश पक्षी राहत होता.

तो मीच. आधीच सांगून टाकतो. नंतर तुम्ही ओळखलंत तर मला जास्त लाज वाटेल.

आम्हा धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलानं दार लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, त्यामुळे उडायचं नाव नको. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत नवऱ्यानं बाहेरून उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. आमच्यात नवऱ्याला एवढं एकच काम असतं.

माझी बायको कुमुद अशीच ढोलीत बसली होती. दोन पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. नेमकं तेव्हाच वाघोबांनी मला बोलावलं.

"पंडित, जंगलातल्या माद्यांना चक्कर येतेय," वाघोबा म्हणाले. "काल एक हरिणी माझ्यासमोर आपोआप पडली. शिकारीत काही मजाच राहिली नाही. कारण शोधा."

"सर्वेक्षण करावं लागेल," मी म्हणालो. हा शब्द उच्चारला की माझी मान ताठ होते.

निघताना मी ढोलीपाशी गेलो. घाईत उंबरं काही आणता आली नाहीत. पण समतोल आहारावरची माझी छापील पत्रिका जवळ होती. तीच मी फटीतून आत सरकवली.

"कुमुद, वाचून ठेव. राजाचं काम आहे. दोन दिवसांत येतो."

"बरं," ती आतून म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात.

दोन दिवसांचे सहा झाले. आधी गेलो गव्याच्या घरी. प्रश्न गव्याच्या बायकोला होता, उत्तर गव्यानं दिलं.

"तिला काय धाड भरलीय? उजाडायच्या आत उठते, सगळ्यांचं झालं की खाते."

"सगळ्यांचं झाल्यावर उरतं काय?"

"ते तिलाच ठाऊक. आपण नाही बायकांच्यात लक्ष घालत."

मी लिहिलं : दिनचर्या नियमित. ती बिचारी माझ्यापुढे फळं मांडत होती. मांडता मांडता तिचा झोक गेला. मी प्रेमानं समजावलं, "वहिनी, वेळेवर खात जा." आणि तिनं मांडलेली फळं मी संपवली. पाहुणचार नाकारला तर लोकांचा विश्वास उडतो, असं मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं.

असं घरोघरी केलं. शिकलेल्या किती, अडाणी किती, रकाने भरत गेलो. माझं वजन वाढलं.

सहाव्या दिवशी जनाक्का भेटली. जनाक्का म्हणजे शेकरू, झुबकेदार शेपटीची थोरली खार. आमच्याच झाडावर वरच्या फांदीला राहायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. चार पिकलेली उंबरं घेऊन ती लगबगीनं निघाली होती. मी हटकलं.

"जनाक्का, ही उंबरं तुम्हीच खाणार ना?"

"न्हाई."

मी लिहिलं : स्वतः खात नाही. "कारण?"

"एका बाईला द्यायचीत."

मी लिहिलं : कारण, अज्ञान. "अहो, आधी स्वतःकडे बघावं माणसानं. कोण ही बाई? तिला नवरा नाही का?"

"हाय की," जनाक्का म्हणाली. "लई शिकलेला हाय. कागद घिऊन हितंच हुबा हाय."

मी उडालो. पदवी घ्यायलासुद्धा मी इतक्या जोरात गेलो नव्हतो. कागद वाटेत कुठे पडले तेही कळलं नाही.

ढोलीच्या फटीला कान लावला. आत सामसूम.

"कुमुद!"

"आलात?" आवाज इतका बारीक, की मला रडूच आलं. "पिल्लं बरी आहेत. आत्ताच झोपलीत. जनाक्का रोज चार उंबरं देते, ती त्यांना पुरतात."

"आणि तू?"

"पत्रिका होती ना. दोनदा वाचली. छान लिहिलीय," ती म्हणाली. "मग खाल्ली."

मी फटीतून आत डोकावलं.

"तुम्ही जेवलात का?" तिनं विचारलं.

मुलांनो, माझ्या यादीत पंचवीस प्रश्न होते. हा त्यात नव्हता. आणि मी जेवलो होतो, सकाळपासून तीन घरी.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी उंबरं वाहिली. ढोली सोडून हलायचं नाही अशी शपथ घेतली. शपथ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली, कारण दुपारी माझ्या अहवालाचं वाचन होतं. कागद सापडले होते. विषय होता स्त्रियांच्या आरोग्यात शिक्षणाचं महत्त्व. अडाणी माद्यांना हजेरी सक्तीची होती.

अहवालात माझ्याही घराची नोंद होती : घरधनी उच्चशिक्षित, सबब पत्नी सुदृढ. ही ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिली होती. आता खोडली असती तर अख्खा तक्ता बिघडला असता.

मी रंगात आलो होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतली जनाक्का उठली.

"बसा जनाक्का, महत्त्वाचा मुद्दा आत्ता तर येतोय."

"तुमी बोला भाऊजी," ती म्हणाली. "तुमी हितं, मी हितं. मंग तिला कोन घालंल? दोन उंबरं दिऊन येते."

"थांब गं, मीबी येते," गव्याची बायको उठली. तिच्यामागे एक हरिणी उठली, मग रांगच्या रांग. वाटेतल्या उंबराखाली त्या सगळ्या थांबल्या. तिथे, घरी कुणाचंही खाऊन व्हायच्या आधी, त्यांनी पोटभर खाल्लं. मग फांद्या वाकवून कुमुदसाठी उंबरं तोडून घेतली. मला मंचावरून सगळं दिसत होतं. मी लिहिलं : श्रोत्यांत अनास्था.

त्यानंतर त्या रोजच तिथे जमू लागल्या. महिन्याभरात जंगलात चक्कर येणं थांबलं. श्रेय अहवालाला मिळालं. मी ते घेतलं.

तात्पर्य : नवरा शिकलेला असला की बायकोची तब्येत उत्तम राहते. शेजारीण मात्र अडाणी हवी.