धुरपाबाईच्या मनाचा तपास

एका जंगलात पाणवठा एकच होता, मुलांनो, आणि आप्पासाहेबही एकच होते.

आप्पासाहेब म्हणजे तरस. पाणवठा सगळ्यांचा होता. म्हणजे तोवर होता. मग एका उन्हाळ्यात आप्पासाहेबांच्या मनात समाजसेवा आली. त्यांनी पाणवठ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आत जायला एक वाट ठेवली आणि त्या वाटेवर स्वतः बसले.

"पाण्याचं रक्षण करतोय," ते म्हणाले आणि हसले. तरसं हसतातच. त्याला विनोद लागत नाही.

नियम साधा होता. नर आला की वाट मोकळी. मादी आली की आप्पासाहेब विचारायचे, "घरचं कोणी आहे का बरोबर?" घरचं म्हणजे घरचा. नवरा, बाप, भाऊ, अगदीच कोणी नाही तर थोरला मुलगा. असला तर पाणी. नसला तर, "घेऊन या, बाई. तुमच्याच काळजीपोटी विचारतो."

हरिणींनी नवरे आणले. माकडिणींनी भाऊ आणले. एका सशिणीचा नवरा फार भित्रा होता, तिनं शेजारणीचा उसना आणला. सवय झाली की कशाचंच काही वाटत नाही, मुलांनो. पाणी मिळत होतं ना? झालं तर.

पण धुरपाबाई रानडुकरीण होती. रानडुकरांत नर घरी राहत नाही. हंगामात येतो, हंगाम संपला की एकटा रानात निघून जातो. ही त्यांची पूर्वापार रीत. धुरपाबाईला त्याचं दुःख नव्हतं. खाणारं एक तोंड कमी, एवढाच तिचा हिशेब.

एका दुपारी ती पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं घेऊन पाणवठ्यावर आली. ऊन असं होतं की सावल्यासुद्धा झाडांच्या बुंध्याला चिकटून बसल्या होत्या. सगळ्यांत धाकटं चिंगू सकाळपासून ओरडत होतं आणि आता ओरडायचं थांबलं होतं. पिल्लू ओरडायचं थांबलं की आईला काय होतं, ते तुमच्या आईला विचारा.

"घरचं कोणी?" आप्पासाहेब म्हणाले.

"ही काय, सात जणं."

"यांतला कर्ता कोण?"

धुरपाबाईनं वळून पाहिलं. थोरलं पिल्लू धाकट्याचं शेपूट चघळत होतं.

"कर्ता अजून दूध पितो," ती म्हणाली.

"मग तो मोठा झाला की या," आप्पासाहेब म्हणाले आणि हसले.

धुरपाबाईनं डोकं खाली घातलं आणि धडक दिली.

आप्पासाहेब स्वतःच्याच कुंपणातून आरपार गेले, पलीकडच्या खडकावर आपटले आणि त्यांचा जबडा निखळला. हसणं बंद झालं. पिल्लांनी पाण्यात तोंडं घातली. दोन-दोन घोट झाले असतील नसतील, तोच मुंगूस शिपाई आला.

"कोणी केलं?"

"मी केलं," धुरपाबाई म्हणाली. "चिंगूचं पिऊन होऊ द्या, मग चला."

पण शिपाई कायदा शिकलेला होता. त्यानं पिल्लांना हाकललं आणि फुटलेलं कुंपण पुन्हा काटे लावून बंद केलं. "हे घटनास्थळ आहे. खटला संपेपर्यंत पाण्याला कोणी तोंड लावायचं नाही. पुरावा पुसला जाईल."

"कोणीच नाही?"

"तपासाशी संबंधित असतील ते सोडून."

त्यामुळे शिपाई पाणी पीत होता, न्यायमूर्ती पाणी पीत होते, आप्पासाहेब वाकड्या जबड्यानं पाणी पीत होते आणि जंगलातले यच्चयावत नर साक्षीदार म्हणून आत जाऊन पाणी पीत होते. घडलं तेव्हा त्यांच्यातला एकही तिथे नव्हता. पण साक्षीदार व्हायला कोणाची हरकत नव्हती.

माद्या मात्र बाहेर. आता नवरा आणूनही उपयोग नव्हता. नवरा आत जाऊन पिऊन यायचा आणि मिशा पुसत म्हणायचा, "थोडा धीर धर. चौकशी चालू आहे."

धुरपाबाईनं पिल्लं यमुनामावशी साळिंदरीच्या बिळात ठेवली. मावशी त्यांना पहाटे पानांवरचं दव चाटायला शिकवत होती. धुरपाबाईला एवढंच कळत होतं, की खटला लवकर संपला तर पाणवठा उघडेल. शिक्षा झाली तर होऊ दे. पण लवकर होऊ दे.

आता या जंगलाच्या न्यायालयाची रीत ऐका. नर आरोपी असला की विचारायचे, "काय केलं?" मादी आरोपी असली की विचारायचे, "का केलं?"

धुरपाबाईच्या आधी एका गव्याचा खटला होता. त्यानं रागाच्या भरात टेकडीवरची सगळी वारुळं आणि तितराची दोन घरटी तुडवली होती.

"काय केलं?" न्यायमूर्ती अस्वलरावांनी विचारलं.

"तुडवलं."

"बरं. पुन्हा तुडवू नका. पुढचा."

झाडावरून सुटलेलं पान जमिनीवर पोचायच्या आत गवा बाहेर पडलासुद्धा. त्याला राग का आला, तो लहानपणी काय खात होता, त्याची आई कशी होती, हे कोणी विचारलं नाही. गवाच तो. तुडवणारच.

मग धुरपाबाई उभी राहिली. न्यायमूर्ती सावरून बसले. मागे हरिणी, माकडिणी, सशिणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. "आम्ही नाही का नवरे आणत?" एक हरिणी दुसरीच्या कानात म्हणाली. "हिलाच काय ते जड झालं!"

"का केलं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"त्यानं पाणी अडवलं. पोरं तहानेनं मरायला टेकली होती. म्हणून ढकललं. आता शिक्षा सांगा आणि पाणवठा उघडा."

न्यायमूर्तींनी खेदानं मान हलवली. "बाई, 'का' तुम्ही सांगायचं नसतं. तुमच्या मनाबद्दल तुम्ही हितसंबंधी पक्ष आहात. ते तज्ज्ञ सांगतात. डॉक्टर बगळ्यांना बोलवा."

डॉक्टर बगळे मादी-मनाचे तज्ज्ञ होते. आयुष्यभर पाणवठ्याच्या मधोमध एका पायावर उभं राहून त्यांनी मनाचा अभ्यास केला होता. कुंपण त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. पण ते खोल पाहायचे, त्यामुळे समोरचं त्यांना दिसत नसे.

"लहानपणी," डॉक्टरांनी मान तिरकी करून विचारलं, "आईनं तुला कधी चिखलात ढकललं होतं?"

"आम्ही डुकरं आहोत, डॉक्टर. आम्हाला ढकलावं लागत नाही."

"दडपलेली आठवण," डॉक्टर न्यायमूर्तींना म्हणाले. "कोणी प्रियकर?"

"असता तर त्यालाच नेला नसता का बरोबर? घरचा म्हणून?"

"मग प्रियकर नसल्याची खंत. आप्पासाहेबांच्या पत्नीचा हेवा वाटतो?"

"त्यांची बायको त्यांना सोडून गेली, त्याला तीन उन्हाळे झाले."

"म्हणजे तिचा हेवा वाटतोच," डॉक्टर म्हणाले, आणि न्यायमूर्तींनी दाद दिली.

हे कितीतरी दिवस चाललं, मुलांनो. रोज धुरपाबाई म्हणायची, "पाणी." रोज डॉक्टर म्हणायचे, "वरवरचं." मधल्या सुट्टीत ते पाणवठ्यावर जाऊन घसा ओला करून यायचे. प्रश्न विचारून घसा कोरडा पडतो.

न्यायालयाबाहेर टिटवी असायची. जंगलभर बातम्या ओरडत फिरायचं काम तिचं.

"धुरपाबाई, धडक दिली तेव्हा अंगाला कोणता चिखल लावला होता?"

"लाल. का गं?"

टिटवी उडाली. "लाल चिखल! रक्ताची ओढ जुनीच!"

दुसऱ्या दिवशी परत आली. "सात पिल्लांची आई असून हात कसा धजावला?"

"मला हात नाहीत."

टिटवी पुन्हा उडाली. "ना हात, ना पश्चात्ताप!"

"अगं, आप्पासाहेबांना विचार की, कुंपण का घातलं म्हणून," धुरपाबाई खालून ओरडली.

"त्यात बातमी काय?" टिटवी वरून म्हणाली. तिचाही घसा बसला होता. तीही मादीच होती. तिलाही पाणी नव्हतं. पण कामाच्या गडबडीत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मग एका सकाळी यमुनामावशी काटे मिटून, मान खाली घालून आली.

"दव संपलं गं. रात्रीचीसुद्धा गरम हवा आहे. चिंगू आता डोळे उघडत नाही."

धुरपाबाई तशीच न्यायालयात गेली. त्या दिवशी डॉक्टर बगळे नवा सिद्धांत घेऊन आले होते.

"घटनेच्या वेळी आकाशात चंद्र होता?"

"दुपार होती."

"दुपारचा चंद्र सर्वांत घातक. दिसत नाही ना!" डॉक्टर पंख फुलवून म्हणाले. "मादीचं मन आणि चंद्र, न्यायमूर्ती! समुद्राला भरती येते ती उगाच?"

त्या जंगलात कोणीही समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

धुरपाबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं. न्यायमूर्तींकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं, की हे लोक खरं सांगून ऐकणार नाहीत. त्यांना जे हवं आहे ते हातात पडेपर्यंत ते उठणार नाहीत.

"हो," ती म्हणाली. "चंद्रच. चंद्रानं मला हाक मारली. म्हणाला, धुरपे, ढकल. मी ढकललं. माझा काही इलाज चालला नाही."

न्यायालयात 'अरेरे' झालं. न्यायमूर्तींनी डोळे पुसले. डॉक्टर दुसऱ्या पायावर उभे राहिले. असं ते फार आनंद झाला तरच करत.

"आरोपी भारलेली होती," न्यायमूर्तींनी निकाल दिला. "तिचा दोष नाही. तिला सोडण्यात येत आहे."

"आणि पाणवठा?" धुरपाबाई दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"तेच सांगतोय. डॉक्टर?"

"चंद्र पाण्यात पडतो," डॉक्टर म्हणाले. "मादी पाणी प्यायला वाकते. म्हणजे चंद्र थेट डोळ्यांत. पुढचा गुन्हा टाळायचा तर उपाय एकच. माद्यांनी पाणवठ्यावर जाऊ नये. एकटीनं नाही आणि घरच्याबरोबरही नाही. त्यांच्याच काळजीपोटी सांगतो."

"मान्य," न्यायमूर्ती म्हणाले. "राखण कोण करील?"

आप्पासाहेब वाकड्या जबड्यानं उठले. "मला अनुभव आहे."

"मी खोटं बोलले!" धुरपाबाई ओरडली. "चंद्रबिंद्र काही नाही! टळटळीत दुपार होती! त्यानं पाणी अडवलं, मी ढकललं!"

"नकार," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "बरं होण्याआधी सगळ्याच नाकारतात."

न्यायालय उठलं. नर पाणी प्यायला गेले.

माद्या बसून राहिल्या. मग ती कुजबुजणारी हरिणी उठली. "माझा नवरा चांगला आहे हो," ती कोणालाच उद्देशून म्हणाली. "पण त्याच्या पोटातलं पाणी मला कसं पुरायचं?"

सशीण उठली. माकडिणी उतरल्या. वाटेत बिळातून पिल्लं बरोबर घेतली. यमुनामावशीनं पाठीवर चिंगूला घ्यायचा प्रयत्न केला, पण काट्यांमुळे जमेना, तेव्हा हरिणीनं त्याला पाठीवर घेतलं. टिटवी वर घिरट्या घालत होती.

"तू बातमीला आलीस की पाण्याला?" धुरपाबाईनं विचारलं.

"आधी पाणी," टिटवी म्हणाली आणि खाली उतरून चालू लागली.

वाटेवर आप्पासाहेब बसले होते. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घरचं कोणी आहे का बरोबर?"

"सगळ्या घरच्याच आहोत," धुरपाबाई म्हणाली.

मग काय झालं ते सांगत नाही. आप्पासाहेब पुन्हा आरपार गेले एवढंच सांगतो. आणि या खेपेला कुंपणही त्यांच्याबरोबर गेलं.

चिंगूचं तोंड पाण्यात बुडवलं, तेव्हा आधी काहीच झालं नाही. धुरपाबाई त्याच्याकडे बघत उभी राहिली. दुसरं कोणीही पाण्याला तोंड लावलं नाही. मग पाण्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग चिंगूनं असा आवाज केला, की झाडावरचे कावळे उडाले. तेव्हा कुठे सगळ्या प्यायल्या.

मुंगूस शिपाई धावत आला. "कोणी केलं?"

"मी," हरिणी म्हणाली. "मी," सशीण म्हणाली. "मी," टिटवी म्हणाली. मागून अजून आवाज येतच होते.

न्यायमूर्ती अस्वलरावांनी कपाळाला हात लावला. रीत म्हणजे रीत. प्रत्येक मादीचं 'का' शोधायला हवं होतं, आणि प्रत्येकीचं वेगळं. डॉक्टर बगळ्यांनी सांगितलं की एवढ्या मनांची तपासणी न्यायालयात व्हायची नाही, ती घटनास्थळीच व्हायला हवी. माद्यांना रोज पाणवठ्यावर आणावं, घडलं तसं करून दाखवायला लावावं आणि आपण निरीक्षण करावं. न्यायमूर्तींनी हुकूम काढला. शिपाई रोज सगळ्यांना मोजून घेऊन येतो, आणि कोणी गैरहजर राहिली तर दंड करतो.

तपासणी अजून चालू आहे. माद्या रोज येतात, वाकतात, पोटभर पितात. डॉक्टर पाण्यात एका पायावर उभे असतात. परवा ते पाचव्या हरिणीपर्यंत पोचले.

"का केलं?" त्यांनी विचारलं.

"तहान लागली होती," हरिणी म्हणाली.

"तहान," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. पिल्लं त्यांच्या पायाखालून पाणी उडवत गेली. "पण कसली तहान?"

तात्पर्य : मुलींनो, गुन्हा एकटीनं कधीही करू नये. एकटीचं मन तपासतात; सगळ्यांची तपासायला जगात तेवढे बगळे नाहीत. आणि मुलग्यांनो, तुम्ही निर्धास्त असा. तुम्हाला मन आहे असा आरोप तुमच्यावर अजून कोणी केलेला नाही.