खैरवणचं आदर्श छप्पर

हेमराज गुरुजींनी शाळेच्या छपरासाठी दोन वर्षांत अकरा अर्ज केले होते. खैरवणच्या जिल्हा परिषद शाळेला खोल्या दोनच. त्यातल्या दुसरीचे पत्रे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातल्या वादळाने केळीच्या बागांबरोबरच उडवून नेले. केळीचे पंचनामे झाले, पत्र्यांचे कोणी केले नाहीत. तेव्हापासून आभाळ भरलं की तिसरी-चौथीची मुलं दप्तरं डोक्यावर धरून पहिली-दुसरीच्या खोलीत घुसत. एका भिंतीपाशी मोहिनी मॅडम बेरीज शिकवत, दुसऱ्या भिंतीपाशी गुरुजी भागाकार. महिनाभरात पहिलीची पोरं भागाकाराची चाल म्हणू लागली आणि चौथीची पोरं हातचा विसरली.

बाराव्या अर्जाला मात्र उत्तर आलं. एकाच लिफाफ्यात दोन पत्रं होती. पहिल्यात गुरुवारी छपराची पाहणी होईल असं लिहिलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तालुक्यात यंदा प्रयोग म्हणून शिक्षकांना गुणवत्तेनुसार वेतनवाढ द्यायची असून, त्यासाठीची पाहणीही गुरुवारीच होईल.

"सर, म्हणजे एकाच दिवशी शाळा चांगली पण दिसायला पाहिजे आणि वाईट पण?" मोहिनी मॅडमनी विचारलं.

"वेतनवाढ गेली खड्ड्यात," गुरुजी म्हणाले. हे ते उगाच म्हणत नव्हते. चोपड्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी उभं राहून सांगितलं होतं की आधी छप्पर द्या, मग गुणवत्ता मोजा. भिजलेल्या पोराची गुणवत्ता कोणत्या फुटपट्टीने मोजणार? टाळ्या कडकडून पडल्या होत्या. मग चहा आला आणि विषय संपला.

"पण वाढ मिळाली तर नको म्हणाल का?"

गुरुजींनी दोन्ही पत्रं घडी करून खिशात टाकली. "आपण असं करू. पहिली खोली लख्ख ठेवायची. तक्ते, गोष्टींची पुस्तकं, सगळं तिथे. दुसरी खोली आहे तशी. तिला हातसुद्धा लावायचा नाही. झाडूसुद्धा नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक झाली ती बुधवारी, उखर्डू आबांच्या ओट्यावर. आबा सरपंच. गुरुजी त्यांना एवढंच म्हणाले, "आबा, उद्या साहेब आपल्या शाळेचं छप्पर बघायला येणार आहेत."

आबांनी तंबाखूची चिमूट खाली ठेवली. "गुरुजी, तुम्ही फिकर नका करा. हाई आते गावनं काम शे."

गुरुजींना बरं वाटलं. माणसाला कधी बरं वाटू नये याचा काही नेम नसतो.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्यांनी शाळेच्या वळणावर मोटरसायकल घातली आणि तिथेच ब्रेक दाबला. शाळेच्या फाटकाला दोन्हीकडे केळीचे खांब बांधले होते, घडांसकट. दुसऱ्या खोलीवर, जिथे आभाळ असायचं, तिथे निळीशार ताडपत्री ताणली होती. बांबू, दोरखंड, कडेला आंब्याच्या पानांचं तोरण. भिंतींना चुना झाला होता. व्हरांड्यात तीन दगडांवर पातेलं चढलं होतं आणि पलीकडे चार बायका वांगी भाजत होत्या.

"आबा! हे काय करून ठेवलंत?"

"कसं दिसस?" आबांचा चेहरा फुलला होता. "बठ्ठा गाव पहाटपाईन राबी राह्यना. केळीवाला नवलना ट्रकनी ताडपत्री शे. एक थेंब खाले पडाव नही."

"अहो, थेंब पडायलाच पाहिजे! भोक दाखवायचंय आपल्याला, भोक! काढा ती आधी."

आबा एकदम गंभीर झाले. "कसाले काढानं? पोरगी देखाले पाव्हना उनात ते तिले फाटेल लुगडं नेसाडतस का? साहेबसमोर गावनी इज्जत काय राही?"

गुरुजींनी इज्जत आणि अनुदान यांतला फरक समजावायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पांढरी जीप केळीच्या खांबांमधून आत आलीसुद्धा.

जीपमधून साहेब नव्हे, मॅडम उतरल्या. विस्तार अधिकारी दिपमाला मॅडम. तालुक्यात तीन जागा रिकाम्या असल्याने चौघांचं काम त्या एकट्या करत होत्या, आणि ते त्यांच्या चालीवरून कळत होतं. हातात मोबाइल, त्यात दोन्ही फॉर्म.

पहिल्या खोलीत सगळं छान पार पडलं. पोरांनी वाचलं, पाढे म्हटले, पहिलीतल्या एकाने न विचारता भागाकार करून दाखवला. मॅडमनी भुवया उंचावून नोंद केली. मग त्या दुसऱ्या खोलीत आल्या आणि वर बघतच राहिल्या.

"गुरुजी, तुमच्या अर्जात तर लिहिलंय छप्पर नाही म्हणून."

"नाहीच आहे मॅडम. ही ताडपत्री आहे. ट्रकची. आज सकाळीच..."

"आणि वर पत्रे?"

"पत्रे शेजारच्या शिवारात आहेत, मॅडम. वाकलेले. चला, दाखवतो."

"शिवाराचा फोटो घेऊन काय करू? फोटो इथलाच लागतो." मॅडमनी दारापाशी उभ्या असलेल्या डिंपलला जवळ बोलावलं. डिंपल चौथीतली, आबांची नात. "बाळा, पाऊस आला की तुम्ही कुठे बसता गं?"

गुरुजींना हायसं वाटलं. पोरगी खरं बोलणारी होती. डिंपलने आधी गुरुजींकडे पाहिलं, मग खिडकीतून डोकावणाऱ्या आजोबांकडे.

"इथंच बसतो, मॅडम. आमच्या शाळेत एक थेंबपण पडत नाही." आणि मग, खरं बोलायची सवयच असल्याने, "आबांनी असंच सांगायला लावलंय."

मॅडम हसल्या. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला बांबू उचलला. सकाळच्या सरीचं पाणी ताडपत्रीवर साचून मधोमध फुगवटा आला होता. तो फुगवटा ढोसला तर फाटेल, फाटला तर भोक दिसेल, आणि मग मॅडमना काय ते कळेल. त्यांनी डोळे मिटून, दोन वर्षांचा राग एकवटून, बांबू वर मारला.

पाणी धो धो करत भिंतीपलीकडे, बाहेरच्या बाजूला कोसळलं. आत एक शिंतोडा आला नाही. बाहेरून मात्र वांगी भाजणाऱ्या शेवंताबाईंची किंकाळी ऐकू आली.

"वा!" दिपमाला मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरं कौतुक होतं, हेच तर दुखणं होतं. "पाण्याच्या निचऱ्याचाही विचार केलाय!" त्यांनी तीन फोटो काढले, एकात गुरुजी बांबूसकट.

जेवताना गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, खरं सांगतो, गावाने माझ्या भल्यासाठी..."

"गावाने! तेच तर," मॅडम पुरीला भरीत लावत म्हणाल्या. "लोकसहभागाचा रकाना तालुक्यात आजवर कोरा होता, गुरुजी. तुम्ही पहिले."

आबांनी त्यांना आग्रहाने आणखी भरीत वाढलं. जाताना जीपमध्ये केळीचा घड गेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तीन कलमं होती. एक, हेमराज गुरुजींना गुणवत्तेची वेतनवाढ मंजूर. दोन, खैरवण शाळेच्या छपराची गरज लोकसहभागातून भागल्याने मागणी कायमची बंद. तीन, हे आदर्श छप्पर पाहण्यासाठी तालुक्यातले बावीस मुख्याध्यापक येत्या महिन्याच्या दहा तारखेला भेट देतील.

गुरुजी पत्र घेऊन तडक आबांकडे गेले. "आबा, ती ताडपत्री कुठाय?"

"ताडपत्री? ती ते तवयच नवलना ट्रकसंगे दिल्लीले गयी. केळी भिजतीन ना!"

गुरुजी ओट्यावर मटकन बसले. पोरं भिजली तर चालतील, केळी भिजता कामा नये, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काम व्हयनं ना गुरुजी, साहेबनं?" इतक्या आशेने विचारलं की गुरुजींना खोटं बोलावं लागलं.

वेतनवाढ पुढच्या पगारात आली. त्याच संध्याकाळी गुरुजी चोपड्याला गेले आणि मोटरसायकलला मागे निळी ताडपत्री बांधून परत आले. वाढीतलं काही उरलं नाही.

"म्हणजे सर, छप्पर मंजूरच झालं की," मोहिनी मॅडम दोरीचं टोक धरून म्हणाल्या. "फक्त तुमच्या पगारातून झालं."

दहा तारखेला बावीस मुख्याध्यापक दुसऱ्या खोलीत माना वर करून उभे राहिले. वर पाऊस वाजत होता, आत तिसरी-चौथी कोरडी बसली होती. कोणी एक शब्द कौतुकाचा बोललं नाही. उलट सगळे गुरुजींकडे असे बघत होते की जणू त्यांनी कोणाच्या घरातलं उचलून आणलंय. शेवटी शेजारच्या गावचे गिरधर गुरुजी पुढे आले. त्यांच्या शाळेच्या तर तीन खोल्या गळत होत्या.

"हेमराज, वैर होतं का रे आमच्याशी?" त्यांनी दातओठ खाऊन विचारलं. "काल माझा अर्ज परत आला. वर शेरा मारलाय, खैरवणप्रमाणे करावे. सगळ्यांचे आलेत. शिक्षण परिषदेत टाळ्या वाजवल्या आम्ही तुझ्यासाठी!"

हेमराज गुरुजींनी मान खाली घातली.

गिरधर गुरुजी तणतणत दारापर्यंत गेले. तिथे थांबले. दारावर लोंबणाऱ्या कोऱ्या ताडपत्रीच्या टोकाला बोट लावून त्यांनी जाडी चाचपली, बाकीच्यांकडे पाठ करत परत आले आणि हळूच म्हणाले,

"चोपड्यात कुठल्या दुकानातून घेतलीस?"