जनरल मालिक्सी यांच्या सद्वर्तनाचा दाखला

आमच्या गावच्या चौकात कोणताही कार्यक्रम करायचा असेल, तर त्यातल्या प्रमुख व्यक्तीला बारांगाय कचेरीचा, म्हणजे गावकारभाराच्या कचेरीचा, सद्वर्तनाचा दाखला लागतो. नियम योग्यच आहे. तीन वर्षांपूर्वी गावजत्रेत एक गायक पिऊन फादरांच्या मांडीवर जाऊन बसला, तेव्हापासून तो लागू आहे.

त्यामुळे सिनेमावाले आले तेव्हा कचेरीने त्यांच्याकडे दाखला मागितला, यात वावगे काहीच नव्हते. सिनेमा अमेरिकनांशी लढलेल्या आमच्या जनरल फुल्हेन्सियो मालिक्सींवर होता. दिग्दर्शिका तरुण होती. तिने नटाचा दाखला पुढे केला.

"हा त्याच्या गावचा," कापितान देल्फिन म्हणाले. हे आमच्या बारांगायचे निवडून आलेले प्रमुख. "चौकात घोड्यावर कोण बसणार?"

"जनरल."

"मग जनरलांचा आणा."

"त्यांना जाऊन एकशेवीस वर्षं झाली, कापितान."

"चांगलंच आहे की. म्हणजे दाखल्याचं नूतनीकरण लागणार नाही."

अर्ज भरला. वय एकतीस, गेले तेव्हाचे. पत्ता चौकातला चौथरा. वास्तव्य पुतळा बसल्यापासून. अडचण शेवटच्या रकान्यात आली: 'सदर इसमाविरुद्ध तक्रार प्रलंबित असल्यास तपशील.'

"आहे ना!" मागून आवाज आला. "लिहा."

पासिंग दिमानो चर्चच्या दारात बिबिंगका, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड भाकरी, भाजतात; गाव त्यांना आदराने आलिंग म्हणतो. वय एक्क्याऐंशी. त्यांचे आजोबा कुलास हे जनरलांचे आचारी. उपाशी सैनिकांसाठी त्यांनी भात मागितला, म्हणून जनरलांनी रागाच्या भरात त्यांना गोळी घालायला लावली आणि दुसऱ्या दिवशी कुलास फितूर होता असे जाहीर केले. खरे काय ते आम्हा म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण चर्चच्या भिंतीवरच्या फरशीत 'फितूर' असेच कोरलेले आहे, आणि पासिंग रोज त्या फरशीखाली चूल पेटवतात.

दिग्दर्शिका तोच प्रसंग चित्रित करायला आली होती. "माणूस शूर होता आणि आततायीही होता," ती म्हणायची. "दोन्ही दाखवणार."

त्या प्रसंगात एक म्हातारा जनरलांपुढे गुडघे टेकून म्हणतो, "साहेब, या माणसाचा काही गुन्हा नाही." हे काम मला मिळाले होते. मी अक्षरे शिकलो अठ्ठावन्नाव्या वर्षी. पाठ करायला मिळालेले हे माझे पहिलेच वाक्य. मी ते रेड्यापुढे म्हटले, बायकोपुढे म्हटले. रेड्याला पटले. बायको म्हणाली, "गुडघे दुखतायत म्हणून रडतोयस असं वाटतं."

तक्रार आली म्हटल्यावर प्रकरण तंटा समितीकडे जाणे भाग होते. एकाच वस्तीत राहणाऱ्या दोघांचे भांडण आधी समितीपुढे येते, कायदाच तसा आहे. समितीचा ज्येष्ठ सदस्य मीच. जनरलांना तीनदा समन्स काढून चौथऱ्यावर चिकटवले. ते आले नाहीत. तेव्हा कापितानांनी समितीच चौकात भरवली. नोंदवहीत मी लिहिले: 'प्रतिवादी समक्ष हजर. घोड्यावरून उतरले नाहीत.'

"आपलं काही म्हणणं?" कापितानांनी पुतळ्याला विचारले. थोडी वाट पाहिली. "हरकत घेत नाहीत. म्हणजे समेटाला राजी आहेत."

"मी नाही राजी," पासिंग म्हणाल्या.

"तुम्हाला हवंय तरी काय, आलिंग पासिंग?"

"माझे आजोबा फितूर नव्हते, एवढंच. फरशी काढा, नाहीतर सिनेमात खरं ते दाखवू द्या." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सेल्मो, तुझा आजा तिथं उभा होता. त्यानं तुला सगळं सांगितलंय. आणि आठवडाभर तेच वाक्य घोकत गावभर हिंडतोयस. म्हण की आता!"

वाक्य अगदी जिभेवर होते. इतक्यात कापितान माझ्या कानाशी वाकले. "सेल्मोकाका, समेट नाही तर दाखला नाही. दाखला नाही तर सिनेमा नाही. मग तुमचं काम कुठलं?"

"आलिंग पासिंग," मी म्हणालो, "ते सिनेमात म्हणायचंय."

त्या हसल्या. तसे हसू मला पुन्हा बघायचे नाही.

समेट ठरला: 'उभय पक्षांनी यापुढे एकमेकांविषयी वाईट बोलू नये.' पासिंगनी सही केली नाही. समितीतल्या बहुमताची सही पुरते, असे कापितान म्हणाले. मी वळणदार केली.

दुसऱ्याच दिवशी कापितानांनी दिग्दर्शिकेला समेटाची प्रत दिली. गोळी घालण्याचा प्रसंग म्हणजे एका पक्षाविषयी वाईट बोलणे, तेव्हा तो रद्द.

"आणि माझं वाक्य?" मी विचारले.

"गोळीच घालत नाहीत, तर विनवणी कसली करता?"

मग जनरल एकाला थप्पड मारतात तो प्रसंग गेला, कारण सद्वर्तनी माणूस थप्पड मारत नाही. ज्या लढाईत जनरल दारू पिऊन झोपले होते, तीत ते प्रार्थना करू लागले. दिग्दर्शिका दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी निर्मात्यांचा फोन आला, आणि ती माझ्यासारखीच गप्प झाली. मला गर्दीत 'विजय असो' म्हणायचे काम दिले. ते मी मन लावून केले.

सिनेमा तयार झाल्यावर एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली तो दाखवला. दोन तास जनरल कुणावर चिडले नाहीत, सर्वांच्या शेवटी जेवले, प्रत्येक लढाई शहाणपणाने लढले आणि शेवटी पकडले गेले. तेवढे बदलायची तरतूद कोणत्याच दाखल्यात नव्हती. टाळ्या थांबेनात.

टाळ्या थांबल्यावर कुणीतरी विचारले, "एवढा सोन्यासारखा माणूस, मग आपण हरलो कसे?"



"घात झाला असणार," कापितान म्हणाले. "दुसरं काय?"

सगळ्यांच्या माना चर्चच्या दाराकडे वळल्या. माझी थोडी उशिरा वळली, मानदुखीमुळे.

त्या दिवसापासून पासिंगच्या चुलीपाशी कुणी जात नाही. मीही पलीकडच्या बाजूने जातो. तो रस्ता लांबचा आहे, पण डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर गेलो असतो. जरूर या. बिबिंगका गरम असते. फक्त सगळा गाव बघत असतो, तेवढे मनावर घेऊ नका.