दारात अडकलेलं विमान

अनिताने महिपतला कपाट आणायला पाठवलं होतं. लोखंडी, दोन दारांचं, एका दाराला आरसा असलेलं. त्यांची लेक भाविका कल्याणला हॉस्टेलवर राहून शिकत होती. ती सुट्टीला आली की तिचे कपडे वळणीवर, आईचे ट्रंकेत आणि बापाचे खुंटीवर, अशी घराची वाटणी व्हायची. आज संध्याकाळी भाविका यायची होती आणि तोवर कपाट भिंतीला लागलेलं असावं, एवढंच अनिताचं म्हणणं होतं.

महिपत वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला. रविवार धरून त्याने शेजारच्या भगीरथचा टेंपो ठरवला, मुरबाडला गेला, कपाट घेतलं, दोरीने करकचून बांधलं. इथपर्यंत त्याच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

पण भगीरथला पेंडेच्या चार गोण्या म्हसा गावात साईनाथकाकांच्या गोठ्यावर उतरवायच्या होत्या. वाट जरा वाकडी होणार होती, पण महिपतला घाई नव्हती. गोणी पाठीवर घेऊन तो गोठ्यात शिरला आणि कोपऱ्यात, पेंढ्याच्या भाऱ्याआड, त्याला ते दिसलं. माणसाएवढं उंच, लाकडी, वरती कोंबडी बसलेली. कोंबडीखाली काच, काचेखाली लाल मुठीचा दांडा.

महिपतने गोणी तिथेच टाकली.

म्हशाच्या जत्रेत साईनाथकाका व्हिडिओ गेमचा तंबू लावायचे, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तंबूत सहा मशिनं असायची, पण बाकी पाच कोणती ते महिपतला आठवत नव्हतं. त्याची नजर या एकाच मशीनवर असे. खालून वर जाणारं विमान, समोरून येणाऱ्या होड्या, एका रुपयात तीन जीव. तिसऱ्या लेव्हलला एक काळं जहाज यायचं, त्याच्या तोफा गरागरा फिरायच्या, आणि महिपतचे तिन्ही जीव तिथेच जायचे. चार जत्रा तो त्या जहाजापाशी मेला. पुढे तंबू बंद झाला. मग शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासात गाड्यांचे गेम आले, पहिल्या मोबाइलवर साप आला, आता भाविकाच्या मोबाइलवर तर काय काय होतं. महिपतने सगळे थोडे थोडे खेळून पाहिले. कशातच ते जहाज नव्हतं. लोकांना मात्र तो सांगायचा, की विमानवाला गेम आपण पार केला होता. आधी मित्रांना सांगितलं, मग सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

मशीन अजून चालतं का, असं त्याने घाबरत घाबरत विचारलं. साईनाथकाका म्हणाले, दर दसऱ्याला हार घालून चालू करतो. नातवंडं येतात, काचेवर बोट फिरवतात, काहीच हलत नाही बघून निघून जातात.

"त्यांना वाटतं काच खराब हाय," काका म्हणाले. "तुला पायजे तर ने. गोठ्यात एक वासरू मावंल."

टेंपोत एकाच उभ्या वस्तूची जागा होती. महिपतने फार विचार केला असं म्हणता येणार नाही. कपाट दोन दिवसांसाठी गोठ्यात उतरलं. आरशात बघून काकांची म्हैस रवंथ करायची थांबली.

परतीच्या वाटेवर अनिताला काय सांगायचं हा प्रश्न उभा राहिला. भगीरथचा सल्ला असा पडला, की आधी काही बोलूच नये. ताडपत्री गुंडाळून आत न्यावं, जेवण होऊ द्यावं, मग बोलावं. भरल्या पोटी माणूस कमी रागावतं.

घरी अनिताने भिंत पुसून ठेवली होती. दोघांनी ताडपत्रीसकट मशीन उचललं आणि दारात घातलं. खाली ते अरुंद होतं, वर अरुंद होतं, पण मधे, दांड्याच्या जागी, त्याला पोट होतं. अर्धं आत गेलं आणि पोट चौकटीत बसलं. दोघांनी जोर लावला, तसं ते आणखी घट्ट बसलं. ओढायला गेले तर चौकटच करकरली. आतून अनिताने मदत म्हणून ताडपत्री खेचली, आणि ती सगळी तिच्याच हातात आली.

तिने ताडपत्री घडी करून बाजूला ठेवली. मग फटीतून तिने विचारलं,

"कपाट कुठंय?"

"म्हशाला."

"नि ह्ये काय हाय?"

"ह्ये पण तसं कपाटच," महिपत म्हणाला. "मागनं दार हाय त्याला."

आता अडचण अशी होती, की घराचं मागचं दार भाताच्या तीस गोण्यांनी बंद होतं. गोण्या आतून रचलेल्या, आणि आत एकटी अनिता. भगीरथने मागच्या पडवीचा एक पत्रा काढून आत उतरायचं सुचवलं, पण ते महिपतला पटेना. वैशाखात दोन दिवस उन्हात बसून त्याने त्या पत्र्याला डांबर भरलं होतं. त्याला हात लावायचा नाही, सकाळी सुतार आणू, असं त्याने ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात भाविका बॅग घेऊन आली. तिने दाराकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि ओटीवर बसून खिडकीच्या गजांतून आईने दिलेला चहा प्यायला. मग तिने चौकशी केली, की या गेममधे करायचं काय.

"वर जायचं," महिपतने सांगितलं.

"कोणाबरोबर?"

"एकट्यानं. मागं दहा जण हुबे ऱ्हायचे, पण खेळायचं एकट्यानं."

मेल्यावर काय, असं तिने विचारलं. मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून, हे ऐकून तिला ते अन्यायाचं वाटलं. तिच्या वर्गात आधी सगळे बंदुकांचे गेम खेळायचे, शंभर जण एका बेटावर. आता त्याचाही कंटाळा आला होता. ती स्वतः दोन वर्षं मोबाइलवर शेती करत होती. गहू, टोमॅटो, अकरा गाई. तो गेम संपतच नाही, ती म्हणाली, फक्त रोज जाऊन पाणी द्यावं लागतं. महिपतने घराशेजारच्या आपल्या दीड एकराकडे एकदा बघितलं.

ओढाताणीत मशीन बिघडलं तर नसेल, अशी शंका काढून त्याने ओटीवरच्या बोर्डातून वायर ओढली. मशीनची पाठ आणि पिन बाहेर होती. काच आणि दांडा आत. बटण दाबताच लाकूड गुरगुरलं, फटीतून निळा उजेड आला, आणि ती धून वाजली. तीस वर्षांत ती त्याच्या कानावर पडली नव्हती. शेजारी भगीरथ उभा असल्यामुळे त्याने नुसतं खोकून घेतलं.

आपण दाराबाहेर आणि गेम दाराआत, हे आता कुठे त्याला नीट उमगलं. त्याने फटीला तोंड लावून अनिताला सांगितलं, की याला जुना मोठा रुपया लागतो, ट्रंकेत एखादा असेल तर बघ. ट्रंक उघडल्याचा आवाज आला नाही. नुसतं खट् झालं, आणि गेम सुरू झाला.

डाव्या बाजूला राहा, होड्या उजवीकडून येतात, अशा सूचना तो देऊ लागला. आत दांडा खडखडत होता. पहिली लेव्हल गेली. दुसरी गेली. मग तो भोंगा वाजला, काळ्या जहाजाचा, आणि महिपतचे तळवे बारा वर्षांच्या पोरासारखे ओले झाले. धडाधड गोळ्या सुटल्या, एक मोठा स्फोट झाला, आणि नंतर एक धून आली जी त्याने जन्मात कधी ऐकली नव्हती.

"अनिता," तो हळूच म्हणाला. "आता काय दिसतंय?"

"गप ऱ्हावा जरा."

महिपत शिडी घेऊन मागे धावला. भगीरथने डांबराची आठवण करून दिली, तेव्हा डांबर परत भरता येतं, एवढं बोलून त्याने पान्याने बोल्ट उपटले, पत्रा सरकवला आणि तो भाताच्या गोण्यांवर आदळला. गुडघा चोळत, लंगडत तो पुढच्या खोलीत आला.

अनिता पदर खोचून उभी होती. केस सुटले होते, कारण केसांतली पिन रुपयाच्या फटीत खोचलेली होती. काचेवर निळं आभाळ आणि ढग होते. त्या आभाळात आपलं एवढंसं विमान अजून उडत होतं.

अनिता म्हसा गावचीच, तिच्या बाबाची तंबूच्या शेजारी चहाची टपरी होती, हे महिपतला वीस वर्षं ठाऊक होतं. या दोन गोष्टी त्याने कधी एका जागी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"सकाळचा चा घेऊन मीच जायची," ती काचेवरची नजर न हलवता म्हणाली. "काका झाडलोट करायचे तवर खेळायची. मागनं गर्दी झाली की पोरींना कोण आत घेतंय."

"कदी बोलली नायस."

"कोणाला बोलणार? तुमी बघायला आलात तेव्हा पयलंच सांगितलंत, विमानवाला गेम मी पार केला. मला म्हायती होतं, काका बोललेले, पार करणारी मी एकटीच."

महिपतने गुडघा चोळणं थांबवलं. "मग मला हो का बोललीस?"

"बाकी बरे वाटलात."

ढग संपले, आणि बोलण्याच्या नादात शेवटचं विमान पडलं. अनिताने पिन फिरवली. खट् झालं. मग ती जरा बाजूला सरकली, इतकीच, की दांड्यापाशी आणखी एक माणूस उभं राहू शकेल. दांडा त्याने धरला, बटण तिने. होड्या आल्या आणि गेल्या. भोंगा वाजला तसा त्याचा हात सवयीने डावीकडे पळायला लागला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि दांडा मधोमध धरला, तोफांच्या अगदी समोर, जिथे जायची त्याची कधी छाती झाली नव्हती. तिथे एकही गोळी लागत नव्हती.

बाहेरून भाविकाने फटीतून हाक मारली. भूक लागली होती, डास चावत होते, आणि पत्रा उघडाच होता तर कोणीतरी तिची बॅग तरी आत घ्यावी.

"थांब गो," अनिता म्हणाली. "आता मदीच सोडता येत नाय."