तापकीरमामांच्या कानशी

आमच्या भोसरीच्या इमारतीत तापकीरमामांकडे सहा पाहुणे आले, तर सहाही जण एका दिवाणावर मांडीला मांडी लावून बसतात. कानशींची मात्र तिथे ऐसपैस सोय आहे. लोखंड घासायच्या त्या दातेरी पट्ट्या, पण प्रत्येकीला स्वतंत्र खोळ, जुन्या फ्लॅनेलची, मामांनी स्वतः शिवलेली. सगळ्या खोळी कपाटात टांगलेल्या आणि कपाटाची किल्ली मामांच्या करदोट्याला.

"दोन कानशी एका खणात टाकणं म्हंजे दोन जावा एका चुलीम्होरं बसवणं," मामा म्हणतात. "एकमेकींचं दात पाडत्यात, राव!"

मामा चाकणच्या एका कारखान्यात फिटर होते, मी तिथेच खरेदी विभागात. ते निवृत्त झाले, माझी सुटका व्हायची आहे. नवी कानस आली की मामा तिला आधी पितळेवर चालवायचे, लोखंडाची वेळ मागाहून. घाई करणाऱ्याला विचारायचे, "नव्या नवरीला पयल्याच दिशी शंभर भाकरी थापायला लावता का?" कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना उचलायची असते, म्हणून त्यांचा मंत्र होता, "जाताना काम, येताना आराम." मी चाकणच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन परतलो की आजही जिन्यात हा मंत्र ऐकवतात. अशा वेळी या माणसाला मारावंसं वाटतं.

मामा ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. एकदा एका सहकाऱ्याने त्यांच्या कानशीने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. कानस कडकन मोडली. "तिला दात हायेत, कंबर न्हाई," एवढंच मामा म्हणाले आणि त्याच्याशी बोलायचे थांबले. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले, जेवले, आहेर केला आणि एक शब्द न बोलता परत आले.

म्हणून त्या पावसाळ्यात माझी पाचावर धारण बसली. मामांची बायपास झाली होती. घरी आले त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. उशीला टेकून बसले होते, निम्मे झाले होते. मामींनी हौसेने कपाट उघडलं. ऑपरेशनच्या वेळी काढलेली किल्ली त्यांच्याकडेच होती.

"अवो, हवा किती दमट! गंजतील म्हनून मी रोज समद्यांना तेल लावलं बगा. खोबरेल. एकीला इसरले न्हाई."

मी डोळे मिटले. कानशीला तेल म्हणजे सत्यानाश. ती लोखंडावरून नुसती घसरते आणि दातांत कीस चिकटून बसतो. हाताचा घामसुद्धा लागू नये म्हणून मामा दातांना बोट लावू देत नसत. मुलगा परदेशात, घरात ही दोघंच. मामा आता गप्प झाले, तर मामींनी बोलायचं कुणाशी?

मामांनी एक कानस काढली. खोबरेलाचा वास सुटला. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मी चपला शोधू लागलो.

"गंज न्हाई आला," मामा म्हणाले.

"न्हाई ना?"

"एक ठिपका न्हाई. बरं केलंस."

मी असा काही श्वास सोडला की मामी माझ्यासाठी पाणी आणायला धावल्या.

पुढच्या रविवारी मामी आळंदीला गेल्या आणि मामांचा फोन आला. "तुमच्या पोरीच्या फळ्याचा खडू हाय का? जरा जास्ती घिऊन या."

गॅलरीत सगळ्या कानशी वर्तमानपत्रावर मांडलेल्या होत्या. छातीच्या टाक्यांमुळे मामांना जोर करायची बंदी होती. तेव्हा खडू घासायला मी आणि चुका काढायला ते. खडू तेल पितो. तो दातांत घासायचा, तारेच्या ब्रशने झाडायचा, पुन्हा घासायचा. तासाभरात मी पांढराफटक झालो.

"मामा, मामींना सरळ सांगून टाका ना. पुढच्या वेळी लावणार नाहीत."

"काय सांगू?" मामा एकदम हळू बोलले. "मी तकडं नळ्या लावून पडलेलो. हितं ती एकटी. माझं म्हनून हात फिरवायला तिच्यापाशी दुसरं हुतं काय? तिच्या कानावर घालू नगा."

हा माणूस कानशींपलीकडे काही बघत नाही, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं हसत आलो होतो. मला भरून आलं आणि फार बरंही वाटलं.

शेवटी एक अर्धगोल कानस उरली. मी ती उचलायला गेलो तर मामांनी चटकन स्वतःकडे ओढली.

"ही ऱ्हाऊ द्या."

"मामा, हिलाच तर सगळ्यात जास्त तेल आहे."

"व्हय," म्हणत मामांनी ती तशीच, तेलकट, खोळीत सरकवली. "हिनं काम न्हाई केलं तरी चालंल आता."